गाडीतली रेंज : हातातला फोन आणि होल्डरवरचा फोन

चालत्या गाडीत समोरच्याचा आवाज तुटायला लागला की अनेक चालक डॅशबोर्डवरच्या होल्डरमधून फोन काढून हातात घेतात. हातात घेतला, कानाशी धरला, थोडा खिडकीकडे नेला की रेंज सुधारते, असा समज त्यामागे असतो. हा समज अगदीच निराधार नाही, पण त्याचं श्रेय भलत्याच गोष्टीला दिलं जातं. रेंज वाढलीच तर ती फोन काचेजवळ गेल्यामुळे वाढते; हातामुळे ती कमीच होते. गाडी चालवताना फोन हातात धरायला रेंज हे कारण पुरतं का, एवढाच प्रश्न या लेखात तपासायचा आहे. माझं उत्तर ठाम नकारार्थी आहे. दंडाची भीती हा त्यातला दुय्यम भाग आहे. रेडिओलहरींचा हिशेबच त्या उत्तराकडे घेऊन जातो.

हा हिशेब समजून घ्यायचा तर आधी पडद्यावरच्या दांड्यांवरचा विश्वास थोडा कमी करावा लागेल. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, याचं सर्व कंपन्यांना बांधून घेणारं मानक नाही. त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन फोनवर एकाच जागी एकाच कंपनीच्या तीन आणि चार दांड्या दिसू शकतात. खरा आकडा असतो डीबीएमचा. अँड्रॉइड फोनमध्ये तो सेटिंगमधल्या ‘फोनविषयी’ या भागात, सिमच्या स्थितीखाली सापडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* हा क्रमांक लावला की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. फोर-जीवर हा आकडा उणे ८० च्या आसपास असेल तर रेंज उत्तम, उणे १०० ला कामचलाऊ, उणे ११० च्या खाली आवाज अडखळणार आणि उणे १२० ला कॉल कधीही कट होणार, असं ढोबळमानाने धरायला हरकत नाही. टू-जीवरचा आकडा मात्र याच्याशी ताडून पाहू नका. टू-जीत संपूर्ण वाहिनीची शक्ती मोजली जाते, तर फोर-जीत १५ किलोहर्ट्‌झच्या एकेका बारीक उपवाहिनीची. त्यामुळे दोन्हीकडे उणे १०० दिसलं तरी त्यांचा अर्थ वेगळा असतो. डेसिबलचं माप चढत्या पटीचं आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. ३ डेसिबल कमी झाले म्हणजे शक्ती निम्मी झाली. १० कमी झाले म्हणजे ती दहाव्या हिश्श्यावर आली.

आता गाडी आणि हात या दोन अडथळ्यांची तुलना करू. गाडीचं छप्पर आणि दारं पत्र्याची, लहरी आत येतात त्या मुख्यतः काचांमधून. मोबाईल यंत्रणांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी थ्रीजीपीपी ही संघटना जाळ्याच्या आखणीसाठी साध्या गाडीत होणारी घट सरासरी ९ डेसिबल धरते. काचेवर धातूचा सूक्ष्म थर असेल, तर हीच घट २० डेसिबल धरली जाते. म्हणजे साध्या गाडीत शिरताक्षणी सिग्नल आठव्या हिश्श्यावर येतो आणि धातूचा थर असलेल्या काचांआड तो शंभराव्या हिश्श्यावर जातो. त्यावर हाताची आणि डोक्याची भर पडते. मानवी शरीरात पाणी आणि क्षार भरपूर. या लहरी त्यात सहज शोषल्या जातात. कानाशी धरलेल्या फोनसाठी जाळं आखणारे अभियंते साधारण ३ डेसिबलची घट हिशेबात घेतात, पण बोटं नेमकी अँटेनावर आली तर ती याहून कितीतरी जास्त होते. २०१० साली आलेल्या आयफोन ४ च्या वेळी जगभर झालेली ओरड याच कारणाची होती. त्या फोनच्या पोलादी कडा हाच अँटेना होता आणि डाव्या खालच्या कोपऱ्यावर तळहात टेकला की रेंज कोसळत होती. अखेर ॲपलने ग्राहकांना फुकट कव्हर दिली. आजच्या फोनमध्ये वर आणि खाली असे एकाहून अधिक अँटेना असतात आणि फोन त्यातला बरा निवडतो, त्यामुळे फटका सौम्य झाला आहे. पण तो नाहीसा झालेला नाही, कारण हाताचे गुणधर्म बदललेले नाहीत. दुचाकीस्वार हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलतात तेव्हा फोनचा एक पूर्ण पृष्ठभाग डोक्याला चिकटलेला असतो. रेंजच्या दृष्टीने फोन ठेवायला त्याहून वाईट जागा शोधणं कठीण आहे.

होल्डरवर बसवलेला फोन या दुसऱ्या अडथळ्यातून सुटतो, पहिल्यातून नाही. होल्डर विकत घेताना हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. गाडीत बसवलेल्या फोनची रेंज जास्त, ही कीर्ती फार जुनी आहे आणि त्या काळात ती खरीही होती. अमेरिकेत सेंट लुइस शहरात १९४६ साली मोटारीतली टेलिफोन सेवा सुरू झाली, तेव्हा यंत्र गाडीत कायमचं बसवलेलं असे. पुढे ॲनालॉग मोबाईलच्या जमान्यात गाडीतल्या संचाला ३ वॅटपर्यंत आणि हातातल्या संचाला ०.६ वॅटपर्यंत शक्ती होती. जीएसएममध्येही ९०० मेगाहर्ट्‌झवर गाडीतल्या संचासाठी ८ वॅटचा वर्ग होता आणि हातातल्यासाठी २ वॅटचा. शिवाय गाडीतल्या संचाचा अँटेना छपरावर, म्हणजे पत्र्याच्या बाहेर असे. चौपट-पाचपट शक्ती आणि मोकळ्या हवेतला अँटेना, या दोन गोष्टींवर ती कीर्ती उभी होती. आज आपण बाजारातून आणतो त्या होल्डरमध्ये यातलं काहीच नसतं. तो प्लास्टिकचा चिमटा किंवा चुंबक असतो. त्यात बसलेला फोर-जी फोन जास्तीत जास्त साधारण ०.२ वॅट शक्तीनेच बोलतो, हातातलाही तेवढ्याच. होल्डर सिग्नल वाढवत नाही. हातामुळे होणारी घट टाळतो आणि फोनला काचेजवळ जागा देतो, बस.

ब्लूटूथबद्दलचा गैरसमज याच जातीचा आहे. गाडीच्या स्पीकरमधून आवाज येतो, छपरावर माशाच्या पंखासारखा अँटेना दिसतो, तेव्हा फोन तोच अँटेना वापरत असेल असं वाटणं साहजिक आहे. पण ब्लूटूथवरून फक्त आवाज आणि हुकूम जातात. टॉवरशी बोलणं फोनला स्वतःच्याच अँटेनावरून करावं लागतं, मग तो खिशात असो, कप ठेवायच्या खळग्यात असो की सीटखाली घरंगळलेला असो. छपरावरचा पंख रेडिओसाठी, जीपीएससाठी किंवा गाडीच्या स्वतःच्या ई-सिमसाठी असतो. काही महागड्या जर्मन गाड्यांत फोन ठेवायचा खास कप्पा असतो आणि तो फोनचा सिग्नल बाहेरच्या अँटेनाशी जोडून देतो, पण तो अपवाद. तेव्हा ब्लूटूथवर बोलताना आवाज तुटत असेल तर आधी फोन कुठे पडला आहे ते पाहावं. आर्मरेस्टखालच्या कप्प्यातून तो काचेच्या पातळीला आणला तर एक पैसा खर्च न करता फरक पडतो.

बूस्टरचं काय, असा प्रश्न इथे येतोच. बाहेरचा अँटेना आणि आत सिग्नल वाढवणारी पेटी, असे संच ऑनलाइन सहज दिसतात आणि तांत्रिकदृष्ट्या ते काम करतात. अमेरिकेत २०१३ मध्ये जाळ्याला इजा होणार नाही अशी मानकं घालून त्यांना वाट करून देण्यात आली. भारतात मात्र खाजगी व्यक्तीने परवान्याशिवाय असा रिपीटर बसवणं बेकायदा आहे आणि दूरसंचार खात्याच्या तपासण्यांत असे संच उतरवले जातात. यामागे ठोस कारण आहे. निकृष्ट बूस्टर टॉवरच्या दिशेने नुसता गोंगाटही तितक्याच जोमाने पाठवतो आणि त्या टॉवरवर अवलंबून असलेल्या सगळ्यांचंच बोलणं बिघडतं. आपल्या एका गाडीच्या सोयीसाठी आख्ख्या गावाची रेंज बिघडवण्याचा हक्क कुणालाच नाही.

अनेकांना अनुभव येतो की दांड्या तीन आहेत, समोरच्याचा आवाज स्वच्छ येतो आहे, पण तो मात्र ‘हॅलो, हॅलो’ करतो आहे. कारण दांड्या दाखवतात ती टॉवरकडून फोनकडे येणारी बाजू. टॉवर वीस-चाळीस वॅटने बोलतो, उंचावरून आणि मोठ्या अँटेनातून. फोनला मात्र ०.२ वॅटमध्ये तेवढंच अंतर उलटं कापायचं असतं. रेंजच्या काठावर आधी दम तोडते ती ही परतीची बाजू. हाताने किंवा डोक्याने गिळलेले ३ ते १० डेसिबल तिथे निर्णायक ठरतात. जमिनीलगत अंतर वाढेल तसा सिग्नल ज्या वेगाने उतरतो, त्या हिशेबाने १० डेसिबलची बचत म्हणजे टॉवरचा आवाका जवळजवळ दुप्पट होणं. शहरात टॉवर पावलोपावली असल्यामुळे हा फरक जाणवत नाही. महाड सोडून वरंधा घाटाकडे वळलं की जाणवतो.

यावर एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. फोन हातात घेऊन वीतभर सरकवला की आवाज खरोखर सुधारतो, हे लोकांनी स्वतः पाहिलेलं असतं. ते खोटं नाही. टॉवरकडून येणाऱ्या लहरी डोंगर, इमारती, ट्रक यांच्यावर आपटून अनेक वाटांनी पोहोचतात. कुठे त्या एकमेकींना पूरक ठरतात, कुठे एकमेकींना मारतात. ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते आणि सिग्नलचे असे खड्डे साधारण निम्म्या लांबीवर, म्हणजे सोळा-सतरा सेंटिमीटरवर येत राहतात. उभ्या गाडीत फोन नेमका खड्ड्यात सापडला असेल, तर त्याला वीतभर हलवण्याचा उपयोग होतो. पण ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला शंभरेक असे खड्डे ओलांडत असते. हे काम गाडीच इतक्या झपाट्याने करत असताना हाताने फोन सरकवून पदरात काही पडत नाही. आणि सुधारणा काचेजवळ गेल्यामुळे झाली असेल, तर ती जागा होल्डरला द्यावी. वेगामुळेच कॉल तुटतो हे म्हणणंही टिकत नाही. फोर-जी तंत्र ताशी ३५० किलोमीटरपर्यंतच्या वेगाचा विचार करून आखलेलं आहे. तुटतो तो बहुधा एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवताना, पुढच्या टॉवरची रेंज वेळेवर पोहोचली नाही म्हणून.

ज्यांना स्वतः पडताळून पाहायचं आहे त्यांनी जरूर पाहावं, फक्त मोजणारा माणूस चालकाशेजारी बसलेला असावा. चालकाने पडद्याकडे पाहायचंच नाही. फोन एकच ठेवा, सिम एकच ठेवा आणि नेटवर्कची निवड फोर-जीवर बांधून ठेवा, नाहीतर मध्येच टू-जी किंवा फाइव्ह-जी लागून आकड्यांची सरमिसळ होईल. वाटेत एकच ओळखीचा पट्टा निवडून एकदा फोन होल्डरवर आणि एकदा शेजाऱ्याच्या कानाशी, असं त्याच दिशेने फिरा. रस्त्याच्या दोन बाजूंना टॉवर वेगळे दिसतात, म्हणून जाताना एक आणि येताना दुसरं असं करू नका. नोंदी आपोआप ठेवणारी ॲप मिळतात. एकेका आकड्याला किंमत देऊ नका, कारण वर सांगितलेल्या खड्ड्यांमुळे तो क्षणाक्षणाला हेलकावे खातो. शे-दीडशे नोंदींची सरासरी काढा. दोन सरासऱ्यांत दोन-तीन डेसिबलचाच फरक दिसला तर तो फरक नाही असं समजावं. पाच-सहाच्या वर आणि पुन्हा फिरल्यावरही टिकला, तर तो खरा. या मोजणीसोबत समोरच्याला कसं ऐकू येतं तेही टिपून ठेवा, कारण आकडा फक्त येणारी बाजू सांगतो.

होल्डरची जागा निवडताना रेंज, ऊन आणि नजर या तिघांचा मेळ घालावा लागतो. रेंजला सगळ्यात चांगली जागा पुढच्या काचेलगत, डॅशबोर्डच्या वर. तिथून जीपीएसला आकाशही दिसतं. पण चैत्र-वैशाखात विदर्भात काय किंवा मराठवाड्यात काय, त्याच जागी फोन भाजून निघतो. फार तापलेला आयफोन स्वतःचा मोबाईल रेडिओ कमी शक्तीवर नेतो आणि सिग्नल कमकुवत होऊ शकतो, हे ॲपलनेच सांगून ठेवलं आहे. म्हणजे रेंजसाठी काचेला लावलेला फोन उन्हाने रेंज घालवून बसतो. उन्हाळ्यात एसीच्या झरोक्यावर लावायचा होल्डर म्हणूनच बरा; काचेपासून थोडं खाली उतरल्याने होणारं नुकसान तापण्याच्या नुकसानापेक्षा कमी असतं. हिवाळ्यात तोच होल्डर गरम हवा फेकणाऱ्या झरोक्यावर ठेवू नये. चुंबकाच्या होल्डरसाठी फोनमागे लावायची पत्री लहान असावी आणि मधोमध असावी. वरची आणि खालची कड अँटेनाची, तिथे धातू नको. चिमटाही शक्यतो फोनला मध्यावर धरणारा घ्या.

काचेबद्दल शंका असेल तर फास्टॅग थोडा अंदाज देतो. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झवर चालतो, म्हणजे मोबाईलच्या ८५० आणि ९०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांच्या अगदी शेजारी. टॅग धडधाकट असून, नीट चिकटवलेला असूनही टोलनाक्यांवर सतत वाचला जात नसेल, तर काचेत उष्णता परतवणारा धातूचा थर असण्याची शक्यता तपासावी. अशा बऱ्याच काचांत आरशाच्या आसपास थर नसलेली मोकळी खिडकी ठेवलेली असते; गाडीच्या माहितीपुस्तिकेत ती दाखवलेली असते. काचेवर वरून धातुमिश्रित काळी फिल्म चिकटवली असेल तर रेंजचं नुकसान आहेच, शिवाय अशा फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे.

एवढं सगळं केलं तरी सह्याद्रीपुढे होल्डर हतबल आहे. ताम्हिणी, माळशेज, वरंधा, आंबोली या घाटांत डोंगराची सोंड आडवी आली की सिग्नल इतका खाली जातो की फोन कुठेही ठेवला तरी तो परत येत नाही. बोगद्यांतही तीच गत. फोन हातात घेऊन त्या पाच-दहा मिनिटांत काही साधत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. निघण्यापूर्वी रस्त्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. जीपीएस उपग्रहांवरून चालतं, त्याला टॉवर लागत नाही, त्यामुळे रेंज गेली तरी वाट दिसत राहते. कोणत्या पट्ट्यात कोणत्या कंपनीची रेंज आहे याचे नकाशे कंपन्यांच्या संकेतस्थळांवर असतात. दोन सिमचा फोन असेल तर दुसरं सिम निवडताना ते पाहावेत. घाटातल्या प्रवाशाला कोणत्याही महागड्या होल्डरपेक्षा वेगळ्या कंपनीचं दुसरं सिम जास्त उपयोगी पडतं.

आता दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप. फोन होल्डरवर आहे, हात सुकाणूवर आहेत, रेंजही बरी आहे, मग बोलायला काय हरकत? इथे रेंजचा प्रश्न संपतो आणि लक्षाचा सुरू होतो. रेडेलमायर आणि टिबशिरानी या कॅनडातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये टोरांटोच्या ६९९ चालकांच्या फोन-नोंदी अपघातांच्या वेळांशी जुळवून पाहिल्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या संचामुळे तो कमी झालेला दिसला नाही. ऑस्ट्रेलियात पर्थ इथल्या २००५ च्या अभ्यासातही तोच चौपटीचा निष्कर्ष निघाला, दोन्ही प्रकारच्या वापरासाठी. शेजारी बसलेला माणूस समोर ट्रक वळताना पाहून गप्प होतो. फोनवरच्या माणसाला तो ट्रक दिसत नाही. आणि तुटणारा कॉल तर जास्तच वाईट, कारण अर्धवट शब्द जुळवण्यात मन गुंतून पडतं. आपला कायदा हातातल्या फोनला गुन्हा मानतो: मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये तो धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत आहे, आणि २०२० च्या नियमदुरुस्तीने चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने केवळ रस्ता पाहण्यासाठी त्याला मुभा दिली. होल्डर कायद्याच्या कचाट्यातून सोडवतो. चौपट धोक्यातून नाही. म्हणून माझा सल्ला असा की होल्डरवरचा फोन नकाशापुरता ठेवावा.

ज्यांचं पोट फोनवर चालतं त्यांना हा सल्ला जड वाटेल, हे मला मान्य आहे. टॅक्सीवाला, टेम्पोवाला, पार्सल पोहोचवणारा मुलगा, यांना कॉल उचलला नाही तर भाडं जातं. त्यांच्यावर सगळा भार टाकणं अन्यायाचं आहे. फोन करणाऱ्यानेही काही पाळायला हवं. गाडी येताना नकाशावर दिसत असताना ‘कुठे पोहोचलात’ म्हणून फोन करू नये, काम असेल तर संदेश टाकावा. चालकाने ‘गाडी चालवतोय, थांबून फोन करतो’ असा आपोआप जाणारा संदेश लावून ठेवावा, तशी सोय फोनमध्ये असते. मालकाने चालकाच्या फोनला चार मिनिटं उशीर झाला तर पैसे कापू नयेत.

आणि खरंच बोलणं भाग असेल, तर रेंजसाठीही उत्तम उपाय थांबणं हाच आहे. गाडीतून खाली उतरलं की पत्र्याची आणि काचेची ती ९ डेसिबलची घट एका झटक्यात भरून निघते. होल्डरने, हाताने, जागा बदलण्याने सहसा एवढं मिळत नाही. द्रुतगती मार्गावर कडेच्या पट्टीवर थांबू नये, फूड मॉल किंवा पेट्रोल पंप गाठावा. घाटात वळणावर किंवा कातळाच्या कपारीत थांबण्याऐवजी दरीकडे मोकळी असलेली रुंद जागा पाहावी, तिथून समोरच्या खोऱ्यातला टॉवर दिसण्याची शक्यता जास्त. कॉल लागत नसेल तर एसएमएस पाठवावा. त्याला अखंड रेंज लागत नाही, क्षणभर मिळाली तरी तो निघतो. पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसत असेल, तर आपल्या कंपनीची रेंज नाही पण दुसऱ्या एखाद्या कंपनीची तिथे पोहोचते आहे, असा त्याचा अर्थ असतो. अपघात झाला असेल किंवा कुणी आजारी पडलं असेल, तर अशा वेळी सिम बदलत बसण्याआधी ११२ लावून पाहावा.